घरदुरुस्ती, पोटकंत्राटदार आणि करकपात : एक अभ्यास

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण सर्वांनीच ऐकली आहे. या दोन्ही कार्यांत माणसाची खरी परीक्षा होते ती पैशाची व्यवस्था लावताना. लग्नाचा खर्च निदान मागाहून वहीत तरी उतरतो. घराच्या कामाचा हिशेब मात्र पुष्कळदा सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर पेन्सिलीने मांडला जातो आणि काम संपले की पिशवीबरोबरच नाहीसा होतो. या न लिहिलेल्या हिशेबामुळे कोणाचे काय नुकसान होते, आणि कायद्याने कराची जबाबदारी नेमकी कोणाच्या माथ्यावर ठेवली आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय मी पुस्तकातून निवडलेला नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील मिरजगाव हे कर्जत तालुक्यातले, नगर-सोलापूर रस्त्यावरचे बाजारपेठेचे गाव. आमचे घर तेथील जुन्या वस्तीत आहे. दगडी जोते, पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, वर माळवद. रस्त्याच्या बाजूला थोरल्या बंधूंचे खते-बियाण्यांचे दुकान आणि मागे राहण्याची जागा. २०२४ ची दिवाळी झाल्यावर आम्ही या घराची दुरुस्ती काढली आणि २०२५ च्या पाडव्याच्या आत ती संपवली. या पाच महिन्यांत मी अर्थशास्त्राचा शिक्षक असूनही करकपातीविषयी जे मला ठाऊक नव्हते, ते एका गवंडी मिस्त्रीमुळे शिकावे लागले.

उक्त्या कामाची उतरंड

आपल्याकडे घराचे काम तीन रीतींनी दिले जाते. पहिली रीत रोजंदारीची. मालक स्वतः माणसे लावतो, रोज हजेरी घेतो आणि आठवड्याला पगार करतो. दुसरी रीत, प्रत्येक काम वेगळ्या माणसाला उक्ते देण्याची. गवंडीकाम एकाला, सेंट्रिंग दुसऱ्याला, फरशी तिसऱ्याला, वायरिंग चौथ्याला. प्रत्येकाशी मालकाचा स्वतंत्र ठराव. तिसरी रीत आज सर्वांत अधिक रूढ आहे. सगळे काम एका मिस्त्रीच्या अंगावर द्यायचे. तो पुढे सेंट्रिंगवाला, फरशीवाला, प्लंबर, वायरमन, रंगारी यांना आपापली कामे वाटून देतो. या खालच्या माणसांना कायद्याच्या भाषेत पोटकंत्राटदार म्हणतात. सरकारी कामांवर 'पेटी ठेका' हा शब्दही कानावर येतो.

ही वर्गवारी केवळ शब्दांची नाही. मालकाने फरशीवाल्याशी स्वतः दर ठरवला आणि पैसेही स्वतः दिले, तर तो मालकाचा कंत्राटदार होतो. त्याच फरशीवाल्याशी मिस्त्रीने दर ठरवला आणि मिस्त्रीनेच पैसे दिले, तर तो मिस्त्रीचा पोटकंत्राटदार. माणूस एक, काम एक, फरशीही एकच. परंतु कर कापण्याचा प्रश्न पहिल्या प्रकारात मालकापुढे येतो आणि दुसऱ्या प्रकारात मिस्त्रीपुढे. ज्याचा ठराव आणि ज्याची थैली, त्याच्याकडे जबाबदारी, असे हे सूत्र आहे.

आमचे काम तिसऱ्या रीतीचे होते. माल आम्ही स्वतः आणून द्यायचा आणि मजुरीचा ठेका मिस्त्रीने घ्यायचा, असे ठरले. सगळ्या कामाची उक्ती मजुरी चार लाख ऐंशी हजार रुपये.

कायदा काय सांगतो

कंत्राटदाराला पैसे देतानाच त्यातून थोडा आयकर कापून घ्यावा आणि सरकारात भरावा, ही तरतूद १९६१ च्या आयकर कायद्यात १९७२ साली आली. तिचे कलम १९४ सी. उगमाच्या ठिकाणी होणारी ही कपात आज 'टीडीएस' या नावाने सर्वतोमुखी झाली आहे. २०२५ साली संमत झालेल्या नव्या आयकर कायद्यात अशा कपातीच्या तरतुदी कलम ३९३ खाली एकत्र आणल्या असून त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. कलमांचे आकडे बदलले, तरी विचाराची बैठक तीच राहिली आहे. आमचे काम २०२४-२५ या आर्थिक वर्षातले, म्हणून ते जुन्या कायद्याखाली आले.

या तरतुदीचा अर्थ लावताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत, म्हणजे गोंधळ होत नाही.

पहिला प्रश्न : पैसे देणारा कोण? कंपनी, भागीदारी संस्था, सहकारी संस्था, विश्वस्त संस्था, ग्रामपंचायतीसारखी स्थानिक संस्था यांना कपात करावीच लागते. त्यांची उलाढाल किती हे पाहिले जात नाही. आपल्या महाविद्यालयाची भिंत रंगवली, तरी संस्थेला हा विचार करावा लागेल. पैसे देणारा एकटी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल, तर मात्र मागील आर्थिक वर्षात त्याच्या धंद्याची उलाढाल एक कोटी रुपयांहून, किंवा व्यवसायाची प्राप्ती पन्नास लाख रुपयांहून, अधिक असेल तरच ही जबाबदारी येते.

दुसरा प्रश्न : पैसे कशासाठी दिले? ज्याची उलाढाल एक कोटीच्या वर आहे, अशा व्यापाऱ्यानेही निव्वळ वैयक्तिक कारणासाठी, म्हणजे स्वतःच्या राहत्या घरासाठी, काम करून घेतले असेल तर या कलमाखाली कपात करावी लागत नाही. येथे 'निव्वळ' हा शब्द महत्त्वाचा आहे.

तिसरा प्रश्न : रक्कम किती? एका वेळी दिलेली रक्कम तीस हजारांहून अधिक असेल, किंवा एकाच कंत्राटदाराला वर्षभरात दिलेली एकूण रक्कम एक लाखाहून अधिक होत असेल, तर कपात करावयाची. घेणारा एकटी व्यक्ती किंवा अविभक्त कुटुंब असेल तर एक टक्का. भागीदारी संस्था, कंपनी इत्यादी असेल तर दोन टक्के. घेणाऱ्याने आपला कायम खाते क्रमांक, म्हणजे पॅन, दिला नाही तर मात्र दर एकदम वीस टक्क्यांवर जातो.

मग सामान्य घरमालक पूर्ण मोकळा आहे काय? २०१९ पर्यंत तो होता. त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून कलम १९४ एम लागू झाले. ज्यांना १९४ सी लागू होत नाही अशा व्यक्तीने एखाद्या कंत्राटदाराला एका वर्षात पन्नास लाखांहून अधिक रक्कम दिली, तर घर स्वतःचे असले तरी कपात करावी लागते. आरंभी हा दर पाच टक्के होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो दोन टक्के झाला. अशा मालकाला कपात करणाराचा वेगळा क्रमांक काढावा लागत नाही. स्वतःच्या पॅनवर रक्कम भरता येते. पुण्या-मुंबईकडील बंगल्यांना हे कलम गाठते. मिरजगावसारख्या गावी दुरुस्तीचे काम पन्नास लाखांवर जाणे विरळाच.

तात्पर्य, आपल्याकडील बहुतेक घरमालकांना कर कापण्याची जबाबदारी नाही. ही गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण 'सरकारचे कापले' असे सांगून मजुरीतून पैसे ठेवून घेणारेही भेटतात. ज्याच्यावर कपातीची जबाबदारी नाही त्याने कापूही नये. आणि ज्याने कापले त्याने ते ठरल्या तारखेस भरलेच पाहिजेत.

घर मागे, दुकान पुढे

आमचा प्रश्न दुसऱ्या मुद्द्यापाशी अडला. मागचे घर निव्वळ वैयक्तिक. परंतु पुढचे दुकान धंद्याचे, आणि बंधूंच्या दुकानाची मागील वर्षाची उलाढाल एक कोटीच्या वर गेलेली. भिंत सलग, गवंडी एक, ठेका एक. सगळ्याच ठेक्याला घराचे म्हणावे तर दुकानाचा भाग त्यात होता. सगळ्यालाच दुकानाचे म्हणावे तर घरावर उगाच कपात झाली असती. शिवाय दुकानाच्या नफ्यातून हा खर्च वजा मागायचा आणि करकपात मात्र करायची नाही, असे चालत नाही. अशा वेळी कपात न केलेल्या खर्चाचा तीस टक्के भाग नफ्यातून वजा मिळत नाही, असा नियम आहे.

बंधूंच्या हिशेबनिसांनी साधा उपाय सुचवला. काम सुरू होण्यापूर्वीच दोन वेगळ्या चिठ्ठ्या कराव्यात. घराच्या कामाची मजुरी तीन लाख साठ हजार. ती घराच्या खात्यातून द्यावयाची, कपात नाही. दुकानाच्या कामाची मजुरी एक लाख वीस हजार; ती दुकानाच्या खात्यातून चाळीस हजारांच्या तीन हप्त्यांनी द्यावयाची. प्रत्येक हप्ता तीस हजारांच्या वर, म्हणून प्रत्येकातून एक टक्का, म्हणजे चारशे रुपये कापायचे. तिन्ही मिळून बाराशे. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत भरायची; मार्च महिन्यातील कपातीला ३० एप्रिलपर्यंत मुदत. तिमाही विवरणपत्रात मिस्त्रीचा पॅन लिहायचा आणि त्याला कपातीचा दाखला द्यायचा. कपात करायचे राहिले तर दरमहा एक टक्का, आणि कापूनही भरली नाही तर दरमहा दीड टक्का व्याज पडते. दुसरा दर अधिक का, हे सांगायला नको. पहिल्यात चूक आहे, दुसऱ्यात दुसऱ्याचा पैसा वापरणे आहे.

मिस्त्रीची बाजू

पहिल्या हप्त्याला मिस्त्रीच्या हाती एकोणचाळीस हजार सहाशे आले, तेव्हा तो नाराज झाला. माझ्या वडिलांच्या वेळेपासून त्याचे आमच्याकडे जाणे-येणे आहे. तो मला म्हणाला, "सर, आतापर्यंत तुमच्या घरात माझा एक रुपया कधी राहिला नाही. हे चारशे कशाचे?" मी सांगितले, "तुमच्या नावावर सरकारात भरले आहेत. कर लागत नसेल तर परत मिळतील." तो हसला. म्हणाला, "मागेबी असंच सांगितलं होतं. अजून परत यायचेत."

मी खोलात शिरलो तेव्हा कळले ते असे. काही वर्षांपूर्वी त्याने एका मोठ्या कंत्राटदाराच्या हाताखाली गोदामाचे गवंडीकाम घेतले होते. मजुरी दोन लाख सत्तर हजार. त्यातून दोन टक्के, म्हणजे पाच हजार चारशे रुपये, 'टीडीएस' म्हणून कापले गेले. वाचकांच्या लक्षात आले असेल की मिस्त्री ही एकटी व्यक्ती. तिच्यासाठी दर एक टक्का. म्हणजे दरापासूनच गडबड होती. आम्ही त्याच्या पॅनवरचे त्या वर्षाचे करभरणा पत्रक संगणकावर काढून पाहिले. ते कोरे होते. कापलेला एकही रुपया त्याच्या नावावर भरला गेला नव्हता.

कायदा अशा माणसाच्या बाजूने आहे. कर एकदा त्याच्या पैशातून कापला गेला की तेवढ्या रकमेपुरती मागणी पुन्हा त्याच्याकडे करता येत नाही. वसुली कापणाऱ्याकडून व्हावयाची. परंतु कापला गेला हे दाखवणार कसे? पैसे रोख मिळालेले, पावती नाही, ठरावाची चिठ्ठी नाही. बँकेत एक लाख रुपये आले असते आणि बिल एक लाख दोन हजारांचे असते, तर त्या फरकाला काही अर्थ होता. येथे बोलायला फक्त मिस्त्रीचे तोंड होते. मी त्याला तक्रारीचा मार्ग सांगितला; त्यापेक्षा त्या पैशांचे नाव सोडणे त्याला बरे वाटले. पाच हजार चारशे रुपये म्हणजे त्या काळातली त्याची आठ-दहा दिवसांची कमाई. ती गेली, आणि त्याबरोबर 'कर' या शब्दावरचा त्याचा विश्वासही गेला.

आमच्या बाराशे रुपयांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. २०२४-२५ सालात त्याच्याकडे सगळ्या कामांची मिळून सुमारे चौदा लाख रुपये मजुरी जमा झाली. यातला मोठा भाग पोटकंत्राटदारांना आणि बिगाऱ्यांना गेला. अशा लहान व्यावसायिकाला रोजकीर्द-खतावणी न ठेवता अनुमानाने उत्पन्न दाखवण्याची सोय आहे. ही सोय १९९४ साली प्रथम आली ती नेमकी इमारत-बांधकामाच्या धंद्यासाठीच, चाळीस लाखांपर्यंतच्या प्राप्तीला. इतर धंद्यांना ती पुढे मिळाली. तिच्यानुसार एकूण प्राप्तीच्या निदान आठ टक्के, आणि बँकेच्या मार्गाने आलेल्या रकमेच्या निदान सहा टक्के, नफा धरतात. खरा नफा अधिक असेल तर तो दाखवायचा. मिस्त्रीने साडेतीन लाख रुपये उत्पन्न दाखवले. त्या वर्षीच्या नव्या करपद्धतीत सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होत होता. विवरणपत्र भरले आणि बाराशे रुपये त्याच्या खात्यावर परत आले.

पैशापेक्षा मोठी गोष्ट पुढे घडली. काँक्रीट मिक्सर घेण्यासाठी तो बँकेत गेला, तेव्हा त्याच्याकडे प्रथमच उत्पन्नाचा कागद मागण्यात आला आणि प्रथमच तो त्याच्यापाशी होता. बँकेने आणखी दोन वर्षांची विवरणपत्रे आणायला सांगितली आहे. कर्ज अद्याप मिळालेले नाही. परंतु यंदाचे विवरणपत्र भरायला तो स्वतः होऊन आला. पॅन दिला नसता तर त्याच कामावर वीस टक्क्यांनी चोवीस हजार रुपये कापावे लागले असते, हेही आता तो आपल्या फरशीवाल्याला समजावून सांगतो.

येथे एक प्रश्न उरतो. मिस्त्रीने आपल्या पोटकंत्राटदारांना दिलेल्या पैशांतून कपात करावयाची काय? तो एकटी व्यक्ती आहे आणि त्याची मागील वर्षाची प्राप्ती एक कोटीच्या कितीतरी खाली आहे. म्हणून त्याच्यावर जबाबदारी नाही. मात्र उद्या त्याने मेहुण्याबरोबर भागीदारी संस्था केली, तर उलाढाल कितीही असो, मर्यादेबाहेरच्या प्रत्येक रकमेतून त्या संस्थेला कपात करावी लागेल. ही गोष्ट अनेक मिस्त्रींना ठाऊक नसते.

वस्तू व सेवा कर

घर बांधणे म्हणजे माल विकणे की काम करणे, हा वाद आपल्या देशात जुना आहे. गॅनन डंकर्ले खटल्यात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की इमारतीचा अखंड ठेका म्हणजे मालाची विक्री नव्हे. त्यामुळे राज्यांना त्यातील विटा-सिमेंटवर विक्रीकर घेता येत नाही. पुढे १९८२ च्या छेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यांना तो अधिकार मिळाला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि मालासह दुरुस्तीचा ठेका ही एक 'सेवा' ठरली.

घरमालकाच्या दृष्टीने यातले सार असे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर आपल्या राज्यात त्याला नोंदणी करावी लागत नाही. आणि जो नोंदलेला नाही त्याने बिलात हा कर लावता कामा नये. नोंदलेल्या कंत्राटदाराने घरदुरुस्तीचा ठेका घेतला तर साधारणतः अठरा टक्के कर बिलात येतो. स्वतंत्र घराच्या नव्या बांधकामाचे काम निव्वळ मजुरीने घेतले असेल तर त्याला माफी आहे. पण ही माफी मूळ बांधकामाला असून सामान्य दुरुस्तीला ती लावता येत नाही. बिलावर नोंदणी क्रमांक नसताना 'जीएसटीचे अठरा टक्के द्या' असे कोणी म्हटले, तर तो क्रमांक मागण्याचा मालकाला हक्क आहे. मालावरील कर आपण दुकानात देतोच. आमच्या सिमेंटवर तो अठ्ठावीस टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून अठरा टक्के झाला. घरासाठी दिलेला हा कर मालकाला परत मिळण्याचा मार्ग नाही.

मालकाचा स्वार्थ

पक्की पावती घेण्यात मालकाचाही स्वार्थ आहे. घर पुढे कधी विकले तर विक्रीचा नफा काढताना सुधारणेवरील भांडवली खर्च वजा मिळतो. पण तो कागदाने सिद्ध करावा लागतो. नुसती डागडुजी आणि रंगरंगोटी यात धरली जात नाही. नवा स्लॅब, नवी खोली यांसारखी भर धरली जाते. दुरुस्तीसाठी कर्ज काढले असेल तर जुन्या करपद्धतीत राहत्या घरासाठी वर्षाला तीस हजारांपर्यंत व्याजाची वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती नाही. त्याचप्रमाणे खर्चाचा पैसा कोठून आला, हे सांगण्याची पाळी आली तर बँकेतील नोंदच उपयोगी पडते. घेणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे की, एका दिवसात एका माणसाकडून, किंवा एकाच व्यवहारापोटी, दोन लाख वा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास १ एप्रिल २०१७ पासून बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो. दुरुस्तीनंतर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील आकारणीही बदलू शकते, म्हणून बांधकामातील बदल वेळीच कळवलेला बरा.

उतरंडीच्या तळाशी

करकपातीचा विचार मिस्त्रीपाशी संपत नाही. आमच्या कामावर एक बिगारी बाई होत्या. त्यांना महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करावयाची होती. मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला त्यासाठी लागतो. या मंडळाचा निधी बांधकामाच्या खर्चावरील एक टक्का उपकरातून उभा राहतो. स्वतःच्या राहण्याचे लहान घर त्यातून वगळलेले आहे. १९९६ च्या कायद्यात ही मर्यादा दहा लाख रुपये होती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती पन्नास लाख आहे. म्हणजे आमच्यासारखा मालक उपकरही देत नाही. पण निदान हजेरीचा कागद देणे त्याच्या हाती असते. आम्ही दोन्ही चिठ्ठ्यांबरोबर हजेरीची वही ठेवली होती, म्हणून त्यांचे बावन्न दिवस लिहून देता आले. उरलेले दिवस मिस्त्रीने दुसऱ्या कामावरचे दिले. मागील वर्षी त्याच बाईंनी याहून अधिक दिवस काम केले होते, परंतु ते कोठेच लिहिलेले नव्हते.

इतर देशांत काय आहे

ब्रिटनमध्येही बांधकामावरील पोटकंत्राटदारांचा कर उगमाशी कापण्याची योजना आपल्याप्रमाणेच १९७२ पासून आहे. तेथे नोंदणी केलेल्या पोटकंत्राटदाराच्या मजुरीतून सर्वसाधारणपणे वीस टक्के आणि नोंदणी नसलेल्याच्या मजुरीतून तीस टक्के कापले जातात. स्वतःच्या घराचे काम करून घेणारा गृहस्थ मात्र या योजनेबाहेर आहे. जर्मनीने वेगळी वाट धरली. घरात कारागिराकडून दुरुस्ती करून घेतली तर मजुरीच्या वीस टक्के, वर्षाला जास्तीत जास्त बाराशे युरोपर्यंत, रक्कम घरमालकाच्या आयकरातून वजा होते. अट एवढीच की बिल असले पाहिजे आणि पैसे बँकेतून दिलेले असले पाहिजेत. रोख दिले तर सवलत नाही.

मला या दुसऱ्या वाटेत शहाणपण दिसते. आपला कायदा घरमालकाला मोकळे सोडतो; पण बिल मागण्याचे तात्काळ असे कोणतेच आमिष त्याच्यापुढे ठेवत नाही. परिणामी मालक म्हणतो, 'मला काय करायचे आहे?' मिस्त्री म्हणतो, 'मला कागद नको.' आणि दोघांच्या या सोयीची किंमत उतरंडीच्या तळाशी असलेली माणसे देतात. लहान घरमालकाला जर्मनीसारखी थोडी सवलत मिळाली, तर गावोगावच्या कारागिरांचे उत्पन्न कागदावर येईल आणि त्यांना कर्जाची, विम्याची, कल्याण योजनांची दारे उघडतील, असे माझे मत आहे.

समारोप

या अभ्यासातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. राहत्या घराच्या दुरुस्तीत कंत्राटदाराचा कर कापण्याची जबाबदारी सामान्य मालकावर नाही. पन्नास लाखांच्या पुढे ती येते. घर आणि धंदा एकत्र असेल तर ठराव, रक्कम आणि खाते ही तिन्ही आरंभीच वेगळी करावीत. कपात केली तर ती वेळेवर, घेणाऱ्याच्या पॅनवर भरावी आणि दाखला त्याच्या हातात द्यावा. कपात नसली तरीही एक चिठ्ठी अवश्य करावी. तिच्यात कामाचे वर्णन, दर, माल कोणाचा, हप्ते, मिस्त्रीचा पॅन आणि कामावरच्या माणसांची हजेरी एवढे असले म्हणजे पुरे. ती लिहायला अर्धा तास लागतो.

आपल्या महाविद्यालयातील कित्येक विद्यार्थ्यांचे वडील गवंडी, सुतार, रंगारी, वायरमन आहेत. सुट्टीत कित्येक मुले त्यांच्या हाताखाली कामालाही जातात. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, या दिवाळीच्या सुट्टीत वडिलांच्या पॅनवरचे वार्षिक पत्रक एकदा काढून पाहावे. कापलेले पैसे तेथे दिसले तर विवरणपत्र भरून ते परत मागावेत. कापले गेले असूनही तेथे दिसले नाहीत, तर चिठ्ठी, बँकेची नोंद, जे काही हाती असेल ते घेऊन विनाविलंब विचारणा करावी. आमच्या मिस्त्रीला हे सांगायला वेळेवर कोणी भेटले नाही. या लेखामुळे एखाद्या घरी ते वेळेवर सांगितले गेले, तर लेखनाचे सार्थक झाले असे मी समजेन.